दोन डोळे आणि बारा हात : सेवाग्राम, स्वतंत्रपूर आणि व्ही. शांताराम

महाराष्ट्राने भारतीय चित्रपटसृष्टीस जे थोर दिग्दर्शक दिले त्यांत शांताराम राजाराम वणकुद्रे, म्हणजेच व्ही. शांताराम, यांच्याइतके लोकांचे प्रेम क्वचितच कोणाच्या वाट्यास आले असेल. १९०१ साली कोल्हापुरात जन्मलेल्या आणि १९९० साली मुंबईत निवर्तलेल्या या कलावंताने मूकपटापासून रंगीत बोलपटापर्यंतची सारी स्थित्यंतरे केवळ पाहिली नाहीत, तर त्यांपैकी काही स्वतः घडवून आणली. त्यांच्या चित्रपटांत ज्याचा गौरव देशात आणि देशाबाहेर सर्वाधिक झाला तो ‘दो आँखें बारह हाथ’ होय. १९५७ सालच्या या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, १९५८ साली बर्लिन येथील महोत्सवात रौप्य अस्वलाचे पारितोषिक मिळाले आणि पुढे अमेरिकेतील गोल्डन ग्लोब समारंभात सॅम्युएल गोल्डविन यांच्या नावाचा सन्मानही लाभला.

या चित्रपटाविषयी प्रेमाने बोलणारा रसिक बहुधा तीन गोष्टींचा उल्लेख करतो : बैलाशी झुंजताना दिग्दर्शकाच्या डोळ्यांस झालेली गंभीर इजा, वसंत देसाई यांचे संगीत आणि लता मंगेशकर यांच्या आवाजातील प्रार्थना. हे प्रेम यथार्थच आहे. परंतु ज्या कल्पनेवर हा चित्रपट उभा आहे ती कोठून आली, कोणकोणाच्या हातून घडली आणि पडद्यावर येताना तिच्यात काय पालटले, याची चौकशी या प्रेमाने फारशी केलेली नाही. ती करू जाता वाट कोल्हापूरच्या कलाशाळेकडे किंवा मुंबईच्या परळकडे जात नाही. ती माणदेशातील आटपाडीस जाते आणि तेथून वर्धा शहराबाहेर काही मैलांवर असलेल्या सेवाग्रामी पोहोचते. प्रस्तुत लेखात या वाटेचा मागोवा घेतला आहे.

१

या प्रवासाचा आरंभ एका विसंगतीने होतो. सेवाग्रामच्या जीवनदृष्टीत चित्रपटास स्थान नव्हते. १९२७ साली ब्रिटिश सरकारने चित्रपटांविषयी एक चौकशी समिती नेमली. तिच्या प्रश्नावलीस उत्तर देताना महात्मा गांधींनी आपण कधी चित्रपटगृहात गेलो नसल्याचे कळविले आणि चित्रपटांपासून होणारे नुकसान आपणास स्पष्ट दिसते असेही नमूद केले. पुढे १९३९ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी गांधीजींना अनावृत पत्र लिहून या तरुण कलेचा इतका कठोर निषेध करू नये अशी विनवणी केली. याच अब्बास यांच्या कथेवरून शांतारामांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. गांधीजींनी पाहिलेल्या चित्रपटांत विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ हा एकमेव भारतीय चित्रपट म्हणून सांगितला जातो. तोही १९४४ साली जुहू येथे, कारावासातून सुटल्यावर विश्रांतीच्या काळात.

चित्रपटाचे मन मात्र गांधींकडे वळलेलेच होते. त्याची एक लहानशी साक्ष १९३५ सालची आहे. प्रभात कंपनीसाठी शांतारामांनी संत एकनाथांच्या जीवनावर चित्रपट केला; नाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली. चित्रपटाचे योजिलेले नाव ‘महात्मा’ असे होते. तपासणी मंडळास हे नाव मान्य झाले नाही, कारण त्या शब्दाने लोकांच्या मनात सोळाव्या शतकातील पैठणचे संत न येता वर्ध्याचे राजकीय पुढारी येतील, ही भीती होती. नाव बदलून ‘धर्मात्मा’ असे करावे लागले. मंडळाची भीती अनाठायी नव्हती. अस्पृश्यतानिवारणासाठी गांधीजींनी काढलेली देशव्यापी यात्रा ७ नोव्हेंबर १९३३ रोजी वर्ध्याहूनच सुरू झाली होती. त्याच शहरातील लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी १९२८ सालीच सर्वांस खुले केले होते. अस्पृश्याच्या घरी जेवणारा एकनाथ १९३५ साली पडद्यावर येणे म्हणजे वर्तमानाविषयी बोलणे होते, आणि शासनास ते कळत होते.

सेवाग्राम चित्रपटाकडे पाठ करून बसले होते आणि चित्रपट सेवाग्रामकडे तोंड करून उभा होता. या दोहोंमध्ये सांधा जुळला तो एका लहान संस्थानामुळे.

२

औंध हे सातारा भागातील, सुमारे बहात्तर खेड्यांचे, विखुरलेल्या प्रदेशांचे संस्थान होते. त्याचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे प्रचारक, स्वतः चित्रकार आणि विद्येचे आश्रयदाते म्हणून सर्वश्रुत आहेत. किर्लोस्करवाडीचा कारखाना याच संस्थानात वाढला आणि पंडित सातवळेकरांनी वेदविद्येचे आपले कार्य दीर्घकाळ येथेच केले. राजपुत्र आप्पासाहेब पंत इंग्लंडमध्ये शिक्षण घेऊन परतल्यावर या मंडळींत आणखी एक व्यक्ती येऊन मिळाली. मॉरिस फ्रिडमन हे पोलंडमधील ज्यू अभियंते बंगळूरच्या विद्युत्सामग्रीच्या सरकारी कारखान्यात अधिकारपदावर होते. भारतात त्यांनी संन्यास घेतला आणि ‘भारतानंद’ हे नाव धारण केले. गांधीजींच्या परिवारात ते या नावाने ओळखले जात. सूत कातण्याची ‘धनुष-तकली’ हे त्यांचेच कल्पक यंत्र. उत्तर आयुष्यात निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत आणून त्यांनी जगापुढे ठेवली, हे मराठी अभ्यासकांस ठाऊक आहेच.

नोव्हेंबर १९३८ मध्ये भवानरावांनी आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करण्याचा मनोदय जाहीर केला. घोषणा करणे सोपे होते, पण सत्ता देण्याची रीत ठरविणे अवघड होते. त्यासाठी औंधची मंडळी वर्धा जिल्ह्यात गांधीजींकडे आली. गांधीजी ३० एप्रिल १९३६ पासून ज्या खेड्यात राहत होते त्याचे नाव तेव्हा शेगाव होते. ‘सेवाग्राम’ हे नाव १९४० साली रूढ झाले. औंधच्या राज्यघटनेची रूपरेषा गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली ठरली. गावाने आपली पंचायत निवडावी, पंचायतींतून तालुक्याचे मंडळ व्हावे आणि त्यातून संस्थानचे विधिमंडळ घडावे, अशी ती खालून वर जाणारी रचना होती. जानेवारी १९३९ मध्ये ही घटना अमलात आली. राजाने स्वतः साधेपणाने राहून आपल्या खर्चास मर्यादा घालून घ्यावी, हाही या व्यवहाराचा भाग होता.

या घटनेच्या पाठीमागे वर्ध्यात त्या काळी चाललेले अनेक प्रयोग उभे होते. मगनवाडीत कुमारप्पांच्या नेतृत्वाखाली अखिल भारत ग्रामोद्योग संघ काम करीत होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योग हे शिक्षणाचे केंद्र मानणारी ‘नई तालीम’ पुढे आणली. १९३८ पासून विनोबा धाम नदीकाठी पवनारास राहत होते. दत्तपूर येथे मनोहर दिवाण कुष्ठरोग्यांची सेवा करीत होते आणि १९३९ पासून कुष्ठपीडित परचुरेशास्त्री सेवाग्राम आश्रमातच राहिले. समाजाने ज्यास बाहेर टाकले त्यास आत घ्यावे आणि त्याच्या हातास काम द्यावे, या दोन सूत्रांवर ही सारी कार्ये उभी होती. यापुढील पायरी म्हणजे ज्यास कायद्याने बाहेर टाकले आहे त्याचा विचार करणे, आणि ती औंधने चढून पाहिली.

३

१९३९ साली औंध संस्थानाने आटपाडी भागात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, बंदिवानांची एक वसाहत उभारली. या उपक्रमाची प्रेरणा फ्रिडमन यांची मानली जाते. गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेल्या माणसांनी येथे भिंतीवाचून राहावयाचे, जमीन कसावयाची आणि आपल्या कुटुंबासह संसार करावयाचा अशी योजना होती. वसाहतीस नाव दिले गेले ‘स्वतंत्रपूर’.

हे नाव कोणत्या शब्दांच्या शेजारी येऊन बसले, हे पाहण्यासारखे आहे. मराठीत बंदिवासाची जी शब्दसंपत्ती आहे ती जवळजवळ सर्व ‘बांधण्या’ची आहे. ‘कैद’ हा अरबी शब्द मुळात बेडीचा वाचक आहे. ‘तुरुंग’ हा पोर्तुगीज ‘त्रोंकु’पासून आला असे मानले जाते, आणि त्या शब्दाच्या अर्थांपैकी एक म्हणजे कैद्याचे पाय ज्यात अडकवीत तो लाकडी खोडा. ‘बंदी’ आणि ‘बंदीखाना’ यांचे नाते ‘बंध्’ या धातूशी आहे, हे सांगावयास नकोच. तीन निरनिराळ्या भाषांतून आलेले हे शब्द एकच गोष्ट सांगतात : शिक्षा म्हणजे बांधून ठेवणे. या शब्दांच्या पंक्तीत ‘स्वतंत्रपूर’ हे नाव आले. ‘मुक्त’ आणि ‘स्वतंत्र’ यांत भेद आहे. मुक्त म्हणजे ज्याचे बंधन कोणी सोडले आहे असा. स्वतंत्र म्हणजे ज्याचे तंत्र, ज्याचे नियमन, त्याच्या स्वतःपाशी आहे असा. ‘मुक्तपूर’ असे नाव ठेवणाऱ्याने राजाच्या औदार्याची घोषणा केली असती. ‘स्वतंत्रपूर’ या नावाने मात्र बंद्यावर जबाबदारी टाकली, आणि औंधच्या घटनेने गावावर जी जबाबदारी टाकली होती तीच ही होय.

म्हणून स्वतंत्रपूर ही एका दयाळू राजाची लहर समजणे चुकीचे ठरेल. ज्या वर्षी संस्थानाने खेड्यास सांगितले की तुझा कारभार तू पाहा, त्याच वर्षी त्याने गुन्हेगारासही तेच सांगितले. बंद्यास जागी ठेवणारी शक्ती पहारेकऱ्याची नजर ही नव्हती; घर, बायकामुले, जमीन आणि उद्याचे पीक यांची ती शक्ती होती.

ही वसाहत संस्थानाबरोबर लोपली नाही. औंधच्या विलीनीकरणानंतर ती मुंबई राज्याकडे आणि पुढे महाराष्ट्राकडे आली. उत्तर प्रदेशात १९५२ साली चंद्रप्रभा नदीवरील बांधाच्या कामावर कैद्यांचे खुले शिबिर निघाले. १९५५ साली जिनेव्हा येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने खुल्या बंदीगृहांविषयी शिफारशी केल्या. आटपाडीच्या माळावरील प्रयोग या दोहोंच्याही आधीचा आहे.

४

ही कथा शांतारामांपर्यंत आणणारे लेखक म्हणजे ग. दि. माडगूळकर. १९१९ साली आटपाडी भागातील शेटफळे येथे त्यांचा जन्म झाला. माडगुळे हे त्यांचे गाव आणि औंध ही त्यांच्या शिक्षणाची जागा. म्हणजे स्वतंत्रपूर हे गदिमांस वर्तमानपत्रातून कळलेले नवल नव्हते. तो त्यांच्या घराशेजारचा माळ होता. त्यांचे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’तही हेच औंध संस्थान, त्यातील शाळा आणि तालीम दिसते, हे येथे आठवावे. एकाच घरातील दोन लेखकांनी एका विझलेल्या संस्थानाची आठवण मराठी साहित्यात आणि हिंदी चित्रपटात जपून ठेवली.

शांतारामांच्या बाजूनेही भूमी तयार होती. १९२५ साली बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’मध्ये सावकाराने नागविलेल्या तरुण शेतकऱ्याचे काम त्यांनीच केले होते. १९३७ च्या ‘कुंकू’त त्यांनी जरठकुमारी विवाहास नकार देणारी मुलगी उभी केली. १९३९ च्या ‘माणूस’मध्ये पोलीस शिपाई आणि वेश्या यांना एकमेकांसमोर आणले. १९४१ च्या ‘शेजारी’त हिंदू-मुसलमान स्नेहाचा भंग आणि पुनर्मीलन दाखविले. ‘माणूस’ हा तर ‘दो आँखें’चा पूर्वजच म्हणावा. कायद्याचा सेवक आणि कायद्याने धिक्कारलेली व्यक्ती यांच्यात माणुसकीचे नाते जुळू शकते का, हा प्रश्न दोहोंतही आहे. ‘माणूस’चे उत्तर निराशेचे होते, अठरा वर्षांनंतर दिलेले उत्तर वेगळे आहे, आणि या दोन उत्तरांच्या मध्ये देशाचे स्वातंत्र्य आहे.

कथानक थोडक्यात असे. आदिनाथ हा तरुण तुरुंगाधिकारी खुनाच्या गुन्ह्यासाठी शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना स्वतःच्या जबाबदारीवर बाहेर नेतो. ओसाड जमिनीवर तो त्यांच्याबरोबर राबतो. ती माणसे पळू पाहतात, त्याच्यावर उलटू पाहतात, पण त्याच्या डोळ्यांपुढे नमतात. जमीन फळास येते. त्यांचा भाजीपाला बाजारात रास्त भावाने विकला जाऊ लागतो आणि दलालांचे हितसंबंध दुखावतात. सूडाने सोडलेल्या बैलांशी झुंजताना आदिनाथास मृत्यू येतो, आणि त्याच्या माघारी ते सहा जण तेथेच राहतात. चंपा या खेळणी विकणाऱ्या स्त्रीची भूमिका संध्या यांनी केली. आदिनाथ स्वतः शांताराम झाले.

दलालांचा प्रसंग हा ‘सावकारी पाश’मधील शेतकऱ्याचा बत्तीस वर्षांनी घेतलेला पाठपुरावा वाटतो. बंद्यास सुधारणे शक्य आहे, परंतु सुधारलेल्या बंद्यास बाजार जगू देईल का, हा प्रश्न चित्रपटाने विचारला आहे. मगनवाडीत ग्रामोद्योगाचे अर्थशास्त्र मांडणाऱ्यांस हा प्रश्न परिचयाचा होता. नीतीची कथा सांगता सांगता तिच्या पायाखालील अर्थकारण दाखविणे हे शांतारामांचे बळ आहे, आणि त्यांच्या भव्य दृश्यांच्या कौतुकात ते दुर्लक्षित राहते.

५

आता नावाकडे वळावे. ‘दो आँखें बारह हाथ’ या नावात क्रियापद नाही, उभयान्वयी अव्यय नाही, विभक्तिप्रत्ययही नाही. दोन संख्या आणि दोन अवयव शेजारी ठेवले आहेत. त्यांचा संबंध प्रेक्षकाने लावावयाचा आहे. डोळे हातांना पाहतात, की हात डोळ्यांसाठी राबतात, हे नाव सांगत नाही. मात्र गणित मांडून पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. बारा हात सहा माणसांचे आहेत, आणि सहा माणसांना बारा डोळेही असतात. ते नावात मोजलेले नाहीत.

हे केवळ शब्दच्छल नव्हे. डोळा ही शांतारामांची जुनी प्रतिमा आहे. १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये चंद्रमोहन यांनी साकारलेल्या राजगुरूचा एकच डोळा त्यांनी सारा पडदा व्यापून दाखविला. त्या काळी भारतीय प्रेक्षकांस असे दृश्य अपूर्व होते. तो डोळा जुलमाचा होता. नरबळीच्या प्रथेचे रक्षण करणाऱ्या धर्मसत्तेचा होता. तेवीस वर्षांनंतर त्याच दिग्दर्शकाने डोळ्यांस करुणेचे स्थान केले. अर्थ पालटला, पण व्याकरण तेच राहिले : एक पाहतो आणि इतर वाकतात. स्वतंत्रपुरात जे काम घर, जमीन आणि स्वतःचे नियमन यांच्याकडे सोपविले होते ते चित्रपटाने एका पुरुषाच्या दृष्टीकडे सोपविले. औंधची घटना, पंचायत, राजाने सोडलेली सत्ता, यांतले काहीही पडद्यावर नाही. इतिहासाच्या अभ्यासकास हा तोटा वाटणे स्वाभाविक आहे. माणसास सुधारते ती व्यवस्था की विभूती, या वादात सेवाग्रामच्या घटनेने एक बाजू घेतली होती आणि शांतारामांच्या कॅमेऱ्याने दुसरी घेतली, असा आरोप करता येईल.

या आरोपास एक उत्तर माध्यमाच्या स्वभावात सापडते. घटनेचे कलम पडद्यावर दिसत नाही, डोळा दिसतो. पण तेवढ्यावर थांबल्यास दिग्दर्शकावर अन्याय होईल. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे उत्तर चित्रपटाच्या शेवटात आहे, आणि ते समजण्यासाठी पुन्हा वर्ध्यास यावे लागते.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याबरोबर ती राज्यघटनाही संपली. त्याच आठवड्यात, ११ मार्चपासून, सेवाग्राम येथे गांधीजींच्या सहकाऱ्यांची परिषद भरली. राजेंद्रप्रसाद, जवाहरलाल नेहरू, विनोबा, कुमारप्पा इत्यादी मंडळी तेथे जमली होती. परिषदेपुढील प्रश्न एकच होता : आता पाहणारे डोळे मिटले आहेत, हातांनी काय करावे? त्या परिषदेतून ‘सर्वोदय समाजा’ची कल्पना निघाली, तो जाणूनबुजून शिथिल, सत्ताहीन बंधुसंघ ठेवला गेला.

‘दो आँखें बारह हाथ’चा शेवट हा त्याच प्रश्नावर येऊन थांबतो. आदिनाथ मरतो. आता त्या सहा जणांना कोणी पाहत नाही. पळावयाचे असेल तर याहून चांगली वेळ नाही. आणि ते पळत नाहीत. पडद्यावर त्यांच्या मनात ते डोळे उरतात, असे दाखविले आहे. परंतु मनात उरलेली दृष्टी ही दुसऱ्याची राहत नाही, ती ज्याच्या मनात उरली त्याची होते. नावात न मोजलेले बारा डोळे या क्षणी उघडतात. येथवर शांतारामांनी विभूतीची कथा सांगितली. शेवटच्या प्रसंगात ते तिच्यापलीकडे जातात आणि त्या बंद्यांना ‘स्व-तंत्र’ करतात. आटपाडीच्या वसाहतीचे नाव चित्रपटात कोठेही नाही, पण त्या नावाचा अर्थ तेथे पुरा होतो. स्वतंत्रपुराने जेथून आरंभ केला तेथे चित्रपट शेवटी पोहोचतो, असे म्हणणे न्याय्य ठरेल.

चित्रपटातील प्रार्थनेविषयीही एक निरीक्षण नोंदवावेसे आहे. भरत व्यास यांच्या त्या रचनेत माणसासाठी योजिलेला ‘बंदा’ हा फारसी शब्द ईश्वराच्या दासाचा वाचक आहे. तो ज्या इराणी धातूपासून आला तो आणि संस्कृत ‘बंध्’ हे सजातीय आहेत. म्हणजे ‘बंदा’ आणि ‘बंदी’ हे दूरचे का होईना, भाऊबंद ठरतात. कवीने हा संबंध योजिला होता असे म्हणण्यास आधार नाही. मात्र सहा बंद्यांनी आणि त्यांच्या अधिकाऱ्याने एका ओळीत उभे राहून एकाच मालकाचे बंदे म्हणवून घेणे यात एक समता आहे. तेथे अधिकाऱ्याचे डोळेही खाली वळलेले आहेत. ही प्रार्थना पुढे देशभरातील शाळांत म्हटली जाऊ लागली. सेवाग्रामच्या सायंप्रार्थनेची सर्वधर्मी परंपरा ज्यांस ठाऊक आहे त्यांस या प्रार्थनेचे कुळ ओळखण्यास अडचण पडू नये.

६

आणखी एक विचार भाषेचा. प्रभातच्या काळात शांताराम आपले चित्रपट बहुधा मराठी आणि हिंदी अशा दोन रूपांत करीत. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ या जोड्या प्रसिद्ध आहेत. माणदेशच्या माळावरची, माणदेशच्या लेखकाने लिहिलेली ही कथा मात्र हिंदीत आली. त्यामुळे मराठी प्रेक्षकाची हानी झाली, असे वाटणे शक्य आहे. परंतु १९३६ साली राष्ट्रभाषा प्रचार समिती वर्ध्यासच स्थापन झाली होती, आणि सर्व प्रांतांस समजेल अशी बोली देशभर जावी हा वर्ध्याचाच आग्रह होता. प्रचारसमितीच्या परीक्षांनी ती भाषा जेथवर नेली त्याहून फार पुढे ती चित्रपटाने नेली. ज्या माध्यमाकडे सेवाग्रामने संशयाने पाहिले त्याने सेवाग्रामची एक कल्पना आणि सेवाग्रामची भाषा, दोन्ही बर्लिनपर्यंत पोहोचविली.

चित्रपटानंतर तीनच वर्षांनी, मे १९६० मध्ये, पवनारचे विनोबा चंबळच्या खोऱ्यात गेले आणि काही दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. चित्रपटाने विनोबांस प्रेरणा दिली असे म्हणणे हास्यास्पद होईल. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देणाऱ्यास आणि ती सानेगुरुजींकडून टिपली गेलेली पाहणाऱ्यास बंद्यांच्या अंतःकरणाची ओळख पडद्यावरून होण्याची आवश्यकता नव्हती. दोन्ही प्रवाह एकाच उगमाचे आहेत, एवढेच म्हणता येते. चंबळचा प्रसंग वृत्तपत्रांनी देशास सांगितला तेव्हा तो ऐकणाऱ्यांत ‘दो आँखें’ पाहिलेले असंख्य लोक होते. खुनी माणूस बदलू शकतो, हे त्यांनी एकदा अंधारात बसून मान्य केलेले होते.

शांतारामांच्या कलेचे मोठेपण या दृष्टीने पाहणे अधिक फलदायी ठरते. त्यांनी ही कल्पना शोधून काढली नाही. ती एका पोलिश अभियंत्याची, एका वृद्ध राजाची, वर्ध्याजवळच्या एका कुडाच्या घरात झालेल्या चर्चेची आणि ज्यांची नावे इतिहासाने राखली नाहीत अशा, भिंत नसतानाही न पळालेल्या बंद्यांची आहे. शांतारामांनी तिच्यातील बरेच गाळले, काही पालटले, आणि जे ठेवले त्यास डोळे दिले. त्यांच्या चाहत्याने औंध आणि सेवाग्राम यांचे ऋण मान्य केले म्हणून दिग्दर्शकाचे श्रेय उणे होत नाही. १९४८ च्या मार्च महिन्यात जी राज्यघटना संपली तिचा एक अंश १९५७ साली या माणसाने पुन्हा लोकांपुढे जिवंत उभा केला, हे त्या ऋणाच्या हिशेबातूनच कळते.

स्वतंत्रपूरची वसाहत अजून आहे. सेवाग्रामची बापूकुटीही आहे. एक ठिकाण पाहावयास वर्षभर माणसे येतात. दुसऱ्याचे नाव फारसे कोणास ठाऊक नसते. या दोहोंच्या मधला धागा आज तरी मुख्यतः एका कृष्णधवल चित्रपटात सुरक्षित राहिला आहे. औंधच्या घटनेवर काम करणाऱ्याने तो चित्रपट अभ्याससाधन म्हणून पाहावा, आणि त्या चित्रपटावर प्रेम करणाऱ्याने एकदा आटपाडीच्या माळावर जाऊन यावे.